एकोणीस दिवसांचा वड

"आत येऊ नको. आधी सांग, येताना काय बघितलंस?"

नोकरीच्या पहिल्या दिवशी, सकाळी पावणेसातला, हवामानाच्या कॅबिनच्या दारात हात आडवा धरून एक माणूस मला हे विचारत होता. काळा, हडकुळा, पांढऱ्या मिशा, पायात कॅनव्हासचे बूट. मी म्हटलं, "काही नाही. रस्ता बघत आले."

"रस्ता बघायला तू काय डायवर हैस व्हय? वर बघितलंस? धूर कुठल्या अंगाला वळायलाय बघितलंस? दोरीवरचं धुणं हलतंय का न्हाय? न्हाय बघितलंस? मग फाटकापर्यंत माघारी जा आन् परत चालत ये."

मी खानापूरकडच्या शेतकऱ्याची पोर, भौतिकशास्त्रात पदवी घेतलेली, पहिल्या नोकरीसाठी आईने घेऊन दिलेला नवा ड्रेस घालून आलेली. त्या माणसाने मला खरंच फाटकापर्यंत परत पाठवलं. मी रडकुंडीला येऊन गेले आणि दात-ओठ खात परत आले. येताना मात्र वर बघितलं. धूर पूर्वेला वळत होता, म्हणजे वारा पश्चिमेचा. तसं सांगितल्यावर हात खाली आला. "हां. आता ये." आप्पांची आणि माझी ओळख झाली ती अशी.

हे सगळं मी रागाने लिहिते आहे, ते आधीच सांगून टाकते. आप्पांबद्दल कुणी कौतुकाने चार शब्द लिहावेत असं पुष्कळांना वाटतं. मलाही वाटतं, पण कौतुक लिहायला बसलं की कागदावर रागच उतरतो.

बेळगाव आणि निपाणीच्या मध्ये, हायवेपासून थोडी आत, विमान चालवायला शिकवणाऱ्या एका खासगी संस्थेची धावपट्टी आहे. नाव सांगत नाही, उगीच त्यांची जाहिरात नको. चार छोटी विमानं, तीसेक विद्यार्थी, एक मॅनेजर साहेब आणि पट्टीच्या कडेला जिन्यावर बांधलेली काचेची कॅबिन. तिथून दर तासाला वारा, ढग, तापमान, हवेचा दाब आणि दृश्यता, म्हणजे किती लांबचं स्पष्ट दिसतं ते, लिहून वैमानिकांना कळवायचं. आप्पा हवाई दलात पंचवीस वर्षं हेच काम करून निवृत्त झालेले. कडोलीच्या घरून रोज मोटारसायकलने यायचे. मी त्यांच्या हाताखाली.

दृश्यता ठरवायची जुनी रीत अगदी साधी आहे. कॅबिनमध्ये भिंतीवर एक तक्ता होता. चारही दिशांना ठरलेल्या खुणा आणि त्यांची अंतरं. उत्तरेला पाण्याची टाकी, सव्वा किलोमीटर. पूर्वेला जैन बस्तीचा, म्हणजे मंदिराचा, मानस्तंभ, चार. दक्षिणेला साखर कारखान्याचं धुराडं, सहा. आणि पश्चिमेला हायवेच्या वळणावरचा वड, बरोबर पाच. जी खूण दिसते तिथपर्यंत हवा स्वच्छ. एकट्याने विमान घेऊन जाणाऱ्या शिकाऊ विद्यार्थ्याला पाच किलोमीटरच्या खाली दृश्यता असली तर सोडायचं नाही, असा नियम आहे. विमानं उतरायला बहुतेकदा पश्चिमेकडूनच येत. त्यामुळे सगळ्या तक्त्यात आप्पांच्या लेखी मोठा तो वड. "बाकीच्या खुणा नोकरीसाठी बघायच्या," ते म्हणायचे. "वड पोरांसाठी बघायचा."

आप्पांचा राग हा त्या पट्टीवरचा रोजचा कार्यक्रम होता. विद्यार्थी लांबूनच विचारायचे, "ताई, आज आप्पांचं हवामान काय?" वारा दाखवणारी कापडी पिशवी खांबावर असते ना, ती उन्हाने विटून फाटली, तेव्हा त्यांनी साहेबांच्या टेबलावर ती नेऊन आपटली. "हे धोतर कुणाचं हाय म्हणून विचारायलेत पोरं!" आठव्या दिवशी नवी पिशवी आली. गावच्या साहित्य संमेलनातही गप्प बसायचे नाहीत. एका कवीने जानेवारीतल्या दुपारचं आकाश निळंशार म्हटलं, तर हे मांडवात उभे राहून म्हणाले, "जानेवारीत दुपारी हितं धुरळा असतोय. तुम्ही कवा बघितलं निळं?" कवीला पुढची ओळ आठवेना. ते मला हे सांगताना हसले नाहीत. त्यांच्या दृष्टीने तो प्रकार गंभीर होता.

एकदा धावपट्टीच्या तोंडाशी असणारी लाल पाटी रंगवायला निपाणीचा पेंटर आणला होता. लाल रंगावर पांढरे आकडे, म्हणजे इथे थांबा, परवानगीशिवाय पट्टीवर चढू नका. पेंटर दुकानांच्या आणि ट्रकांच्या पाट्या करणारा, कलावंत माणूस. त्याने आकड्यांना पिवळी सावली दिली, चार कोपऱ्यांना वेलबुट्टी काढली आणि खाली झोकात सही ठोकली. आप्पांनी ती पाटी बघितली आणि पेंटरला तिच्यासमोर उभं केलं.

"हितं विमान थांबायचं हाय, वरात न्हाय! वेल कशाला काढलास?"

"आप्पा, तेवढंच जरा शोभा..."

"शोभा? वर बसलेलं पोरगं तुझी वेल बघत बसलं आन् समोरनं दुसरं विमान आलं म्हंजे?"

पेंटर बिचारा पुन्हा लाल रंग देऊ लागला. मग आप्पाच त्याच्याशेजारी उकिडवे बसले आणि थोडे निवळून म्हणाले, "आमच्या भागात पाटीवरच्या अक्षरावरनं डोकी फुटत्यात बघ. ही एकच पाटी अशी हाय, हिच्यावर मराठी न्हाय, कानडी न्हाय. निस्तं सांगती, थांब. हिला तरी सुखानं ऱ्हाऊ दे." पेंटरला ते पटलं. जाताना पाया पडून गेला.

मी तिथे दुसऱ्या वर्षात असताना दोन गोष्टी झाल्या. दृश्यता मोजायचं यंत्र आलं आणि आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला.

यंत्र पट्टीच्या पूर्व टोकाला बसवलं. एका खांबावर समोरासमोर वाकलेले दोन हात, मधून प्रकाश जातो, हवेतल्या कणांनी तो किती विखुरतो त्यावरून आकडा निघतो. साहेब खूष. आप्पा दोनदा त्याच्याभोवती फिरले आणि म्हणाले, "हे आपल्या नाकाम्होरची हातभर हवा मोजतंय. पश्चिमेला काय चाललंय, ह्येला काय ठावं?" यंत्र वाईट नव्हतं, हे मी आजही म्हणेन. विचारलं तेवढंच ते सांगत होतं.

ऑपरेशनसाठी आप्पांना रजा हवी होती. साहेबांनी तोंडी दिली, कागदावर दिली नाही. कारण प्रशिक्षित निरीक्षक नसताना पट्टी चालू ठेवता येत नाही आणि साहेबांना ती बंद ठेवायची नव्हती. मला बोलावून म्हणाले, "तू वहीतला रोजचा तक्ता भरत जा. खाली आप्पांचा शिक्का मार. महिनाभराचा तर प्रश्न आहे. तुझं कायम होण्याचं पत्रही आता वरून येईलच." मी मान डोलावली.

रजेच्या पहिल्याच आठवड्यात हायवे रुंद करायला वळणावरचा वड तोडला. मला ते माहीत नव्हतं असं नाही. शनिवारी घरी जाताना माझी बस त्याच वळणावरून गेली. करवतीने कापलेला तो थोरला बुंधा, पडलेल्या पारंब्या, शेजारी उभं पिवळं यंत्र, सगळं मी खिडकीतून पाहिलं. शेजारच्या बाईला "अगं बाई, केवढं जुनं झाड हो," असंही म्हणाले. आणि सोमवारी सकाळी कॅबिनमध्ये येऊन, यंत्राचा आकडा आठ किलोमीटर बघून, पश्चिमेच्या रकान्यात लिहिलं, वड दिसतो. मंगळवारी लिहिलं. बुधवारी लिहिलं. बसमधून पाहिलेला वड आणि तक्त्यातला वड एकच आहेत हे माझ्या डोक्यातच आलं नाही. रकाना होता, तो भरायचा होता, तो मी भरत गेले. एकोणीस दिवस.

आप्पा काळा चष्मा लावून परत आले. जिना चढले, चष्मा काढला, पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले. मग म्हणाले, "वड कुठं हाय?"

त्यांनी वही ओढून घेतली. एकेक पान उलटत गेले आणि प्रत्येक पानावर बोट ठेवून वाचत गेले. वड दिसतो. वड दिसतो. वड दिसतो. मला वाटलं, आता वही माझ्या तोंडावर बसणार. वही त्यांनी टेबलावर आपटली आणि असे ओरडले की खाली विमान धुणारी माणसं वर बघायला लागली.

"डोळं माझं कापलं, आन् आंधळी तू झालीस व्हय गं? सात वर्साच्या पोराला इचार, न्हाई ते झाड दिसतंय का म्हणून! तुला न्हाई दिसलं तर 'न्हाई दिसलं' लिहायला हात मोडत होता? अगं, आपण हितं पगार कशाचा घेतोय? बघायचा घेतोय! दुसरं काय येतंय आपल्याला?"

दिवसभर ओरडत होते. दुपारी डबा उघडला तोही ओरडतच, आणि त्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली तीही. "गिळ आता. उपाशीपोटी तर आणखीनच काय दिसायचं न्हाय तुला." मी घास घेत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाईट वाटत होतं, पण भीती वाटत नव्हती. आप्पा ओरडतात त्या माणसाला ते सोडून देत नाहीत, एवढं मला कळलेलं होतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी साहेबांना अर्ज लिहिला. पश्चिमेला पाच किलोमीटरवर नवी खूण ठरवून द्यावी, एखादा मनोरा, टाकी, काहीही, अंतर मोजून. अर्ज तसाच पडून राहिला. दुसरा लिहिला, तिसरा लिहिला. साहेब म्हणायचे, "आप्पा, यंत्र आहे ना?" मग आप्पांनी पश्चिमेच्या रकान्यात रोज एकच लिहायला सुरुवात केली, खूण नाही. साहेबांना त्याचा फार राग यायचा. वरून तपासणीला वही गेली की तेवढंच डोळ्यावर येतं, म्हणायचे.

उसाची तोड संपत आली की शेतात पडलेला पाला पेटवतात. अशाच एका सकाळी पश्चिमेच्या शिवारात कुणीतरी पाला पेटवला होता. थंडीने धूर वर जाईना, जमिनीलगत पसरत आला. पूर्वेला लख्ख ऊन होतं. यंत्र सांगत होतं, सात किलोमीटर.

अनघा नावाची विद्यार्थिनी एकटीने उड्डाण करायला तयार होऊन थांबली होती. तिचे उड्डाणाचे तास पुरे व्हायचे होते आणि संस्थेचे संचालक त्या आठवड्यात येणार होते. आप्पांनी वहीत लिहिलं, पश्चिमेला धूर, दृश्यता अंदाजे तीन. आणि खाली फोन केला, एकट्याने कुणाला सोडू नका.

साहेब स्वतः जिना चढून आले. "आप्पा, यंत्र सात दाखवतंय."

"यंत्राला म्हणावं जरा मान वळीव."

"तुमच्या डोळ्यांचं आत्ताच ऑपरेशन झालंय. आणि पश्चिमेला तुमच्याकडे खूणच नाही. तीन कशावरून म्हणता?"

"खूण मागून मागून माझी बोटं झिजली, साहेब. शिवारातली इहीर दिसंना झालीय, ती तीनवर हाय. सोडू नका पोरीला."

साहेब माझ्याकडे वळले. "तू सांग. तुला काय दिसतं?"

मी पश्चिमेकडे बघितलं. विहीर दिसत नव्हती. पांढरं, गढूळ काहीतरी होतं आणि ते आमच्याकडेच येत होतं. मी म्हटलं, "सर, यंत्रावर सात आहे." साहेबांनी वैमानिकाला द्यायची कोरी चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली आणि मी त्यावर सात लिहून सही केली. आप्पा जिन्यावरून धावत खाली गेले. साठी उलटलेला माणूस हात हलवत विमानाकडे धावत होता आणि पोरं बाजूला उभी राहून हसत होती. ते पोचायच्या आत तिने वेग घेतला होता.

परत उतरताना ती धुरात शिरली. पट्टी दिसली तेव्हा फार पुढे आलेली होती. विमान पट्टी ओलांडून शेताच्या बांधावर आदळलं. अनघा जिवंत राहिली. जबडा मोडला, मणका दुखावला. ती पुन्हा विमान चालवणार नाही. तिच्या वडिलांना मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलेलं पाहिलं आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडले.

चौकशीला तीन माणसं आली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. मला वाटलं होतं, आप्पांची वही आहे, तीत तीन लिहिलेलं आहे, आता साहेबांचं खरं नाही. साहेबांनी वहीची मागची पानं उघडली. "हे बघा," म्हणाले, "तोडलेलं झाड एकोणीस दिवस दिसतं म्हणून लिहिलंय. प्रत्येक पानाखाली आप्पांचा शिक्का. या माणसाच्या डोळ्यांवर मी कसा विश्वास ठेवणार? म्हणून मी यंत्राचं मानलं."

आप्पा म्हणाले, "त्या दिवसांत मी हितं नव्हतो. डोळ्याचं ऑपरेशन झालतं."

"रजेची नोंद नाही," साहेब म्हणाले.

मग मधला माणूस माझ्याकडे वळला. चांगला, शांत आवाज होता त्याचा. "ताई, त्या दिवसांत तक्ता कोण भरत होतं?"

आप्पा माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. दर तासाला काचेतून बाहेर बघायचे तसे बघत होते, काय दिसतंय ते दिसू द्यावं म्हणून.

मी म्हटलं, "सर, शिक्का आप्पांचा आहे."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्याचाच मला आज सगळ्यात जास्त संताप येतो. साहेबांचा येतो, तो येणारच. त्यांची बढती होऊन बदली झाली. त्या तीन माणसांचा येतो. शिक्क्याकडे बघितलं, पण अक्षर कुणाचं आहे हे एकानेही विचारलं नाही. धावत्या आप्पांना हसणाऱ्या पोरांचाही येतो. पण या सगळ्यांना मी शिव्या देत असते तेव्हा मला पक्कं ठाऊक असतं की एका वाक्याने आप्पा वाचले असते, आणि ते वाक्य त्या खोलीत फक्त माझ्याकडे होतं. पुढच्या महिन्यात माझं कायम होण्याचं पत्र आलं. आप्पांना निरीक्षणास अपात्र ठरवून काढलं. 'अपात्र' हा शब्द आप्पांसाठी वापरताना त्या कारकुनाचा हात कसा चालला, कुणास ठाऊक.

आप्पा बोलले असते तर? अक्षर ते ओळखत होते. "हे हिचं अक्षर," एवढं म्हणायचं होतं. ते म्हणाले नाहीत. मोटारसायकलला लाथ मारून निघून गेले.

तीन महिने मी कॅबिनमध्ये बसून सगळ्या रकान्यांत सगळं भरत राहिले. नवा निरीक्षक आला, तो स्क्रीनकडे तोंड करून बसायचा. शेवटी एका रविवारी मी सगळं लिहून काढलं. एकोणीस दिवस मी लिहिलं, शिक्का मी मारला, कुणाच्या सांगण्यावरून मारला, त्या सकाळी मला विहीर दिसत नव्हती आणि तरी मी सात लिहिलं. चौकशीवाल्यांना रजिस्टर पोस्टाने पाठवलं. राजीनामाही दिला. आणि पत्राची प्रत घेऊन कडोलीला गेले.

आप्पा घरामागच्या रानात रताळ्याचे वेल पलटत होते. मला बघून कमरेत सरळ झाले. मी प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी हात धुतले, चष्मा लावला, उभ्याने वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग वरच्या कोपऱ्यातली तारीख बघितली.

मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही त्या दिवशी का नाही बोललात? माझं अक्षर तुम्हाला माहीत होतं."

"बघितलेलं तुमचं हुतं," ते म्हणाले. "मी कसं सांगणार?"

'तुमचं' हा शब्द मला जरा उशिरा कळला.

"आता मी सगळं लिहिलंय, आप्पा. सगळं खरं लिहिलंय."

"व्हय. खरं हाय." त्यांनी कागदाची घडी घातली आणि परत माझ्या हातात दिली. "पर उशिरा सांगितलेलं हवामान कुणाच्या कामाला येतंय? ती पोरगी तर उतरून झाली."

आवाज चढला नाही. आत बायकोला हाक मारून त्यांनी चहा टाकायला सांगितला, ओट्यावरची रताळी बाजूला केली, पंच्याने जागा पुसली. "बसा म्याडम. बस साडेपाचला हाय तुमची. च्या घेऊन जावा."

"आप्पा, मला अहो-जाहो नका करू," मी म्हटलं. "शिव्या द्या हवं तर."

"छे छे," आप्पा म्हणाले. "तुम्हांस्नी कशाला, म्याडम."

मी बसले. चहा घेतला. साडेपाचची बस जाऊ दिली, पुढचीही जाऊ दिली. आप्पा आता ओरडतील म्हणून वाट बघत होते. ते वेल पलटत राहिले.